विचारा ताईला : इंग्रजी येणारी पोरगीसुद्धा इंग्लंडात बावचळली

या महिन्यात पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्मे इंग्लंडचेच निघाले, सप्टेंबरचा इनटेक जवळ आलाय ना. मी २०१६ ला लातूरहून लेस्टरला एमए करायला गेले होते, वर्षभर राहिले आणि परत आले, म्हणून सगळे मलाच धरतात. व्हिसाचे नियम तेव्हाचे वेगळे होते, आत्ताचे वेगळेत, जिथं लागतील तिथं आत्ताचे सांगते. थंडी मात्र तीच आहे.

ताई नमस्कार. मी उदगीरची. बारावीपर्यंत मराठी मीडियम. इंग्लंडात एमएला ॲडमिशन झालीय, आयईएलटीएसला साडेसहा आलेत तरी पोटात गोळा येतो. वर्गात अमेरिकेची, युरोपची पोरं असणार, ती फाडफाड बोलणार आणि मी तोंड उघडलं की हसणार. पहिले दिवस कसे जातात ते खरं खरं सांगा, मोटिवेशन नको. — एक विद्यार्थिनी, उदगीर

मोटिवेशन नको म्हणालीस ते बरं केलंस, माझ्याकडं ते नाहीच. माझ्याकडं एक अमेरिकन पोरगी आहे, तिचं सांगते.

आमच्या फ्लॅटमध्ये सहा खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक किचन. माझ्या शेजारच्या खोलीत आयोवा राज्यातली एक पोरगी, वय वीस, तिकडं तिसऱ्या वर्षाला होती आणि ते वर्ष इंग्लंडात काढायला आलेली. मी तिला आधी मनातल्या मनात आयोवाकरीण म्हणायची, पुढं तोंडावरच म्हणायला लागले, आपल्याकडं गावावरून आडनाव कसं पडतं ते सांगितल्यावर तिला लई आवडलं ते. पहिल्या दिवशी तिला बघून मलाबी तुझ्यासारखाच गोळा आला होता. पाळण्यातून इंग्रजी बोलणारी पोरगी, हिच्यापुढं आपण काय बोलावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती किचनमध्ये रडवेली होऊन उभी. म्हणे किटली बिघडली, पाणी तापेना. मी बघितलं तर भिंतीवरचं बटणच दाबलेलं नाही. अमेरिकेत म्हणे सॉकेटला बटण नसतंच, पिन खोचली की झालं. आपल्याला ते लहानपणापासून माहितीय, किंबहुना बटण बंद केलं नाही म्हणून मार खाल्लाय. त्याच दिवशी तिचा घरून आणलेला केस वाळवायचा ड्रायर जळाला, कारण तिकडं १२० व्होल्ट आणि इंग्लंडात आपल्यासारखेच २३०. माझा चार्जर नुसत्या ॲडॉप्टरवर गपगुमान चालला.

मग ऑफिसात सही करायला गेलो. नोटिशीवर लिहिलेलं फर्स्ट फ्लोअर. ती खालीच फिरायलीय, दारं वाजवायलीय, कारण अमेरिकेत जमिनीवरचा मजला तोच पहिला. मी सरळ जिना चढून गेले. रस्ता ओलांडताना ती उलटीकडं बघायची, दोनदा मी दंडाला धरून मागं ओढलंय तिला. लिफ्ट, टॉर्च, पेट्रोल, रबर, बिस्कीट हे शब्द आपण शाळेत असल्यापासून बोलतो, तिला ते वहीत लिहून घ्यावे लागले. चिप्स मागितले तर तिच्या हातात गरम तळलेले बटाट्याचे लांबडे तुकडे आले, तिला हवे होते पाकिटातले वेफर्स, त्याला तिथं क्रिस्प्स म्हणतात. आणि एकदा पावसात भिजून आली आणि भर वर्गात मोठ्यानं म्हणाली की माझी पँट ओलीचिंब झालीय. वर्ग गार. तिथं पँट्स म्हणजे आतली चड्डी. नंतर खोलीत येऊन ती हसली पण त्या दिवशी जेवली नाही.

तिथं कुणीबी भेटलं की विचारतं, ‘यू ऑल राइट?’ मला पहिल्यांदा वाटलं, आपला चेहरा उतरलाय का काय. आयोवाकरीण तर थांबून नीट उत्तर द्यायची, झोप कशी झाली, काल काय खाल्लं, आणि विचारणारा तोवर वळणावर पोचलेला असायचा. अगं ते आपल्या ‘जेवलीस का’सारखं आहे. आपल्याकडंबी विचारणारा काही ताट वाढून बसलेला नसतो.

शिवाय लेस्टरच्या बसचे म्हातारे ड्रायव्हर सगळ्यांना ‘मी डक’ म्हणायचे, म्हणजे माझं बदक. लाडानं म्हणतात, आपल्या ‘बाळा’सारखं. हिला वाटलं चालीवरून टोमणा मारला. आणि वर्गातल्या एका इंग्रज मुलीनं आम्हाला ‘हाफ सेवनला टीला या’ असं बोलावलं तेव्हा तर आम्ही दोघी कपाळाला हात लावून बसलो. साडेसहा की साडेसात? साडेसात असतं ते. साडेसातला कुठं चहा असतो, म्हणून आम्ही पोटभर जेवून, हातात बिस्कीटपुडा घेऊन गेलो, तर तिथं टी म्हणजे रात्रीचं जेवण! बटाट्याचा डोंगर पुढ्यात. पाहुण्याच्या घरी ताटात टाकू नये म्हणून मी सगळा संपवला, त्या रात्रीचं नको विचारू.

माझ्याबी फजित्या झाल्याच. पहिल्या ओळखीला मी म्हटलं, ‘आय पास्ड आउट इन २०१४’, तर समोरची बाई घाबरून म्हणाली, आता बरी आहेस ना? तिला वाटलं चक्कर येऊन पडले होते मी. प्रीपोन हा शब्द तिथं कुणाला कळत नाही. आपलं इंग्रजी वेगळं, आयोवाचं वेगळं आणि लेस्टरचं तिसरंच, त्यामुळं ‘पुन्हा सांगाल का’ हे वाक्य मी जेवढं वापरलं तेवढंच तिनंबी वापरलं. फरक एवढाच की तिला ते विचारायची लाज नव्हती. मी पहिला महिना नुसती मान हलवत काढला आणि त्यापायी दोनदा चुकीच्या बिल्डिंगमध्ये जाऊन बसले.

आता वर्गाचं. लेक्चर झाल्यावर सेमिनार असतो, दहा-पंधरा पोरं गोल बसतात आणि वाचून आलेल्यावर बोलायचं असतं. अमेरिकन पोरं तिथं खरंच फाडफाड बोलतात, ते खोटं नाही, कारण त्यांच्याकडं बऱ्याच ठिकाणी वर्गात बोलण्यालाच मार्क असतात. पण कान देऊन ऐक, निम्म्या वेळा पुस्तक उघडलेलंच नसतं. आयोवाकरणीनं स्वतः मला सांगितलंय, म्हणाली मी प्रस्तावना वाचते आणि बाकी आवाजावर चालवते. तू वाचून जा आणि पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचार, कसला का असेना. उशीर केलास की तोंडाला कुलूप लागतं, ते मग तासभर निघत नाही.

आणि हो, सर-मॅडम कुणी म्हणत नाही, सरळ नावानं हाक मारतात. माझ्या जिभेला ते महिनाभर जमलं नाही, मी नुसती ‘एक्स्क्यूज मी’वर भागवलं. आयोवाकरीण सगळ्यांना प्रोफेसर म्हणायची, तेबी चुकीचंच, तिथं प्रोफेसर हे वरचं पद आहे, शिकवणारा प्रत्येक जण काही प्रोफेसर नसतो. एक तरुण लेक्चरर तर लाजून लाल झाला होता.

ताई, पोरगा म्हणायलाय इंग्लंडलाच जाणार. दोन एकर विकावी लागंल. एजंट म्हणतो, तिथं पार्टटाईम करून फी निघते, आणि सूनबाईलाबी सोबत नेता येतं. खरं आहे का? — एक शेतकरी वडील, अंबाजोगाई

दादा, सूनबाईचं आधी सांगते. नाही नेता येत. १ जानेवारी २०२४ नंतर सुरू झालेल्या साध्या शिकवणीच्या एमए-एमएस्सीला नवरा-बायको-लेकरं सोबत नेता येत नाहीत, संशोधनाच्या कोर्सला आणि सरकारी स्कॉलरशिपवाल्यांनाच ती सवलत आहे. एजंट अजून हे सांगत असेल तर एजंट बदला.

पार्टटाईमचं पण तसंच. टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, त्यात खाणंपिणं आणि थोडंफार भाडं निघतं, फी निघत नाही. आणि मुळात पैसे आधी दाखवावे लागतात. राहिलेली फी अधिक नऊ महिन्यांचा राहायचा खर्च, पोराच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यावर, सलग २८ दिवस. एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली तरी अर्ज फेटाळतात. काकाच्या, मामाच्या, मेव्हण्याच्या खात्यावरचे चालत नाहीत. तुम्ही आडतीचे पैसे आले की खात्यात टाकता आणि खताला काढता, तसं त्या महिन्यात करू नका, त्यासाठी वेगळं खातंच ठेवा.

बाकीचे छुपे खर्च : सरकारी दवाखान्याचा सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, एक वर्षाच्या एमएला व्हिसा १६ महिन्यांचा मिळतो म्हणून दीड वर्षाचा धरतात, म्हणजे ११६४ पौंड, तेबी अर्जासोबत एकदम. टीबीची टेस्ट त्यांनी ठरवून दिलेल्या सेंटरवरच करायची, जिल्हा रुग्णालयातला एक्स-रे चालत नाही. (आयोवाकरणीला ही टेस्ट नव्हती, अमेरिकेवाल्यांना लागत नाही. मला त्याचा राग आला होता, अजून आहे.) शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच. आमच्या वेळी तर ती सोयच बंद होती.

जमीन विकण्याआधी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि इतर खात्यांच्या तशाच योजना तुमच्या पोराला बसतात का ते समाजकल्याण ऑफिसात जाऊन स्वतः विचारा, पोराला पाठवू नका, पोरं लाजतात. बाबासाहेबांचीसुद्धा बडोद्याची स्कॉलरशिप संपली तेव्हा १९१७ ला लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं होतं. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसे जमवून, उसने घेऊन १९२० ला ते पुन्हा गेले आणि १९२३ ला डीएस्सी झाले. वर्ष-दोन वर्षं थांबून, नोकरी करून पोरगा गेला तर त्याचं काही वाया जात नाही. दोन एकर गेली की परत येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं.

ताई, मी नांदेडचा, सध्या इंग्लंडात एमएस्सी करायलोय. पहिल्या असाइनमेंटला ५८ पडले. दहावीला ९४, बारावीला लातूरला राहून ९१ होते. घरी सांगितलंच नाही. फीडबॅकमध्ये तर ‘क्वाइट गुड’ लिहिलंय, मग मार्क कुठं गेले? — एक विद्यार्थी

भावा, आधी घरी फोन लाव. ५८ म्हणजे तू पास आहेस. तिथं मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. ७० च्या वर गेलेला निबंध वर्गात एखाद-दुसरा असतो आणि ८० म्हणजे लोक येऊन हात मिळवतात. शंभरातले शंभर लातूर पॅटर्नमध्ये असतात, तिथं नसतात.

‘क्वाइट गुड’ची गंमत ऐक. आयोवाकरणीला पहिल्या निबंधावर हेच लिहून आलं होतं. ती नाचतच किचनमध्ये आली, कारण अमेरिकेत ‘क्वाइट’ म्हणजे खूप. तिला वाटलं बाईंनी डोक्यावर घेतलं. मग खाली मार्क बघितले तर ५८. तिच्या कॉलेजात ६० च्या खाली नापास धरतात, एफ ग्रेड. तिनं तिथंच जमिनीवर बसकण मारली आणि आईला फोन लावला, आईनं विचारलं परत येतेस का. इंग्रज माणसाचं ‘क्वाइट गुड’ म्हणजे आपलं ‘बरंय’. तसंच ‘तुम्ही हे एकदा बघू शकता’ असं फीडबॅकमध्ये असलं तर ते बघावंच लागतं, आणि ‘इंटरेस्टिंग’ लिहिलं असलं तर तो परिच्छेद उडव.

तिच्या कॉलेजनं पुढं ग्रेड बदलून घेतल्या तेव्हा तिथले साठीतले मार्क तिकडं बी प्लस झाले, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. मला त्याच वेळी ५५ होते आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तिचं रडणं बघून मी माझा कागद दाखवला. मग आम्ही दोघींनी मॅगी केली.

मार्क का कमी पडले ते मला पुढं कळलं. आपण जे वाचलं ते सगळं नीट मांडतो, अमुक असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो, आणि शेवटी दोघंबी थोर. त्यांना ते नको असतं. दोघांतला कोण चुकला आणि का, ते तू सांगायचंस, पुराव्यासकट, आणि तो चुकलेला माणूस तुझाच शिक्षक असला तरी सांगायचं. मला पहिल्यांदा तसं लिहिताना हात थरथरला, मोठ्या माणसाला तोंड वर करून बोलल्यासारखं वाटलं. त्या निबंधाला ६६ पडले.

दुसरं, शिक्षकांचे ऑफिस अवर्स असतात तेव्हा जाऊन बस. गेलास म्हणून कुणी ढ समजत नाही. आयोवाकरीण दर आठवड्याला जायची कारण तिला दर आठवड्याला टेस्ट द्यायची सवय, आणि इथं तीन महिने कुणी काहीच विचारत नाही, मग डिसेंबरात एकदम तीन-तीन हजार शब्दांचे निबंध अंगावर येतात. ऑक्टोबर म्हणजे सुट्टी नाही रे बाबा. आणि कॉपी-पेस्ट तर चुकूनबी नको, टर्निटिन नावाचं सॉफ्टवेअर ओळ न् ओळ पकडतं.

ताई, लेक सप्टेंबरात गेली. फोन केला की उचलत नाही, नंतर करते. म्हणते चार वाजताच रात्र होती. असं कसं? तिथं तिला जिवाचं माणूस मिळंल का? — एक आई, परभणी

माय, लेक खरं बोलायलीय. डिसेंबरात तिथं चारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी आठशिवाय उगवत नाही. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागं घेतात. उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाचचा. तुम्ही रात्री नऊला फोन लावता तेव्हा तिथं साडेतीन वाजलेले असतात, ती वर्गात असणार. तुम्ही जरा उशिरा, साडेदहा-अकराला लावून बघा.

मला याचा चांगला फटका बसलाय. २०१६ ची दिवाळी ३० ऑक्टोबरची, आणि नेमकं त्याच दिवशी घड्याळ मागं गेलं. घरी साडेसहाला लक्ष्मीपूजन, म्हणून मी जुन्या हिशेबानं दुपारी दोनला फोन लावला, तर आरती होऊन प्रसादबी वाटून झालेला. आई म्हणाली, ‘काय करायलीस गं, तासभर वाट बघितली.’ मी लई रडले. संध्याकाळी आयोवाकरीण मला ओढत बेलग्रेव्ह रोडला घेऊन गेली, तिथं गुजराती लोकांची मोठी दिवाळी असते, सगळा रस्ता लायटिंगनं भरलेला. तिनं जिलेबी खाल्ली, हात चिकट झाले म्हणून माझ्याच ओढणीला पुसले.

जिवाचं माणूस मिळतं का म्हणालात, तर ऐका. ८ नोव्हेंबर २०१६. तिथं दुपारचे अडीच वाजलेले, आणि आपल्याकडं रात्री आठला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याची बातमी आली. वडिलांनी नुकतंच सोयाबीन घातलेलं, आडत्यानं रोख दिलेली, सगळ्या पाचशेच्या नोटा घरात. मी किचनमध्ये फोनवर फोन लावायलीय, लाईन लागेना. त्याच रात्री अमेरिकेत निवडणुकीचा निकाल. ती लॅपटॉप घेऊन तिथंच येऊन बसली, पहाटेपर्यंत दोघी जाग्या, सकाळी साडेसातच्या सुमारास ट्रम्प जिंकल्याचं आलं. ती तिच्या बापाशी बोलली, मी माझ्या. मग मला म्हणाली, तुझे वडील काय पेरतात? सोयाबीन. तिच्या बापाचंबी सोयाबीन आणि मका! तो शिकागोचा भाव बघायचा बुशेलमध्ये, माझा बाप लातूरच्या आडत बाजाराचा क्विंटलमध्ये. एक बुशेल म्हणजे साधारण सव्वासत्तावीस किलो, आम्ही त्या सकाळी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडत बसलो की कोणाच्या बापाला जास्त पडतो. तिच्या बापाची जमीन मात्र ऐकून मी हिशेब सोडून दिला.

त्याच वर्षी एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते तिला सांगितलं तर विश्वास बसेना, फोटो दाखवावा लागला. त्यानंतर तिची अंघोळ वीस मिनिटांवरून पाचवर आली. मी काही बोलले नव्हते, तिनं आपणहून केलं.

ताई, तिथं भाकरी करता येते का? — एक वाचक, औसा

येते. ज्वारीचं पीठ गुजराती दुकानांत मिळतं, पाकिटावर जुवार लिहिलेलं असतं. हॉस्टेलात गॅस नसतो, विजेची शेगडी असते, त्यामुळं जाळावर फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवायची, जमतं. ठेच्यासाठी मिरच्या भाजताना मात्र किचनचं दार लावून घ्या आणि खिडकी उघडा. आम्ही दार उघडं ठेवलं, तर धुरानं फायर अलार्म वाजला आणि रात्री अकराला सगळी बिल्डिंग नाईटड्रेसवर पार्किंगमध्ये. अग्निशामकवाल्यानं वर जाऊन तवा बघितला, खाली येऊन विचारलं हे काय होतं, आणि आयोवाकरीण थंडीनं कुडकुडत पुढं होऊन त्याला म्हणाली, ‘ठेचा.’ ठ अगदी बरोबर.